नावाविना घडलेली सेवा : रेव्हरंड रसेल ब्लेझडेल

दरवर्षी २८ डिसेंबर रोजी आपण निष्पाप बालकांचा सण साजरा करतो. हेरोदाच्या कोपामुळे बाळ येशूलाही परदेशी आश्रय घ्यावा लागला. त्या घटनेचे स्मरण करताना कोरियन युद्धातील एका धर्मसेवकाचे जीवन आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

रसेल ब्लेझडेल यांचा जन्म १९१० साली अमेरिकेत झाला. ते प्रेस्बिटेरियन पंथाचे पाळक होते व पुढे हवाई दलात चॅप्लेन झाले. १९५० साली ते कोरियात होते. सेऊलच्या रस्त्यांवर आईबापांविना मुले उपाशी भटकत होती. सार्जंट मर्ल स्ट्रँग यांच्या साहाय्याने ती मुले गोळा करून त्यांनी निवारा, अन्न व औषधोपचाराची व्यवस्था केली.

चीनच्या फौजा युद्धात उतरल्यावर डिसेंबरमध्ये सेऊल रिकामे होऊ लागले. मुलांना इंचॉन बंदरावर नेण्यात आले. परंतु अपेक्षित जहाज लाभले नाही. कडाक्याच्या थंडीत काही बालके तेथेच दगावली. ब्लेझडेल सेऊलला परतले आणि हवाई दलाच्या अधिकाऱ्यांना भेटून त्यांनी १६ वाहतूक विमाने मिळविली. विमानतळावर पोहोचण्यास ट्रक नव्हते, तेव्हा आपल्या हुद्द्याच्या बळावर त्यांनी मरीन दलाचे ट्रक ताब्यात घेतले. उशीर झाला, तरी विमाने थांबली होती. २० डिसेंबर १९५० रोजी, नाताळच्या पाच दिवस आधी, किंपो विमानतळावरून सुमारे ९५० मुले व ८० सेवक जेजू बेटावर सुखरूप पोहोचले.

जेजूवर मुलांच्या निवासासाठी कर्नल डीन हेस यांनी परिश्रम घेतले. हेस यांचे पुस्तक १९५६ साली व त्यावरील चित्रपट १९५७ साली आला. हेस यांचे कार्य खरेच मोलाचे होते. परंतु मुलांच्या सुटकेचेही श्रेय जगाने त्यांनाच दिले. ब्लेझडेल यांचे नाव कित्येक दशके पडद्याआड राहिले. २००१ साली, नव्वदी गाठल्यावर, ते कोरियात गेले. तेव्हा एके काळची ती अनाथ मुले वृद्धत्वाकडे झुकलेली होती. २००७ साली त्यांचे निधन झाले.

आपल्या धर्मग्रामांत दानाच्या पाट्या लागतात, सत्कार होतात. नाव राहून गेले की मने दुखावतात. उजव्या हाताचे दान डाव्यास कळू नये, ही प्रभूची शिकवण आपण ऐकतो, पण ती पाळणे कठीण जाते. ब्लेझडेल यांना श्रेय मिळाले नाही, तरी मुले जगली. आपल्या सेवेचे मोजमाप आपणही असेच करावे, ही कृपा आम्ही सर्वांसाठी प्रभूकडे मागतो.