गार्सिया द ओर्ता : गोव्यातील डॉक्टर आणि आपली हळद

कावीळ झालेला रुग्ण आला की मी हमखास विचारतो : झाडपाल्याचे औषध घेतले का? उत्तर बहुधा ‘हो’ असते. त्यात कोणती वनस्पती होती, हे मात्र घरच्यांनाही ठाऊक नसते. साडेचारशे वर्षांपूर्वी गोव्यातील एक डॉक्टर नेमके हेच विचारत असत : झाड कोणते, त्याचा कोणता भाग, कशासाठी?

गार्सिया द ओर्ता यांचा जन्म १५०० च्या सुमारास पोर्तुगालमध्ये झाला. आईवडील स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू होते. पोर्तुगालमध्येही त्यांच्यावर धर्म बदलण्याची वेळ आली. ओर्ता स्पेनमध्ये वैद्यक शिकले आणि १५३४ मध्ये गोव्यात आले, ते परत गेलेच नाहीत. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशाह त्यांचा रुग्ण आणि मित्रही होता.

इथल्या हिंदू वैद्यांकडून आणि मुस्लिम हकिमांकडून ते शिकत राहिले. १५६३ मध्ये गोव्यात छापलेला त्यांचा ग्रंथ संवादरूपात आहे. त्यात युरोपातून नुकताच आलेला रुआनो हा काल्पनिक डॉक्टर जुन्या ग्रंथांचे दाखले देतो आणि ओर्ता स्वतः पाहिलेले सांगतात. मध्येच घरातली दासी आंतोनिया औषधाचा नमुना आणून दाखवते. हिरडा, हिंग, कोरफड, पटकीचा आजार, सगळे त्यात आहे.

हळदही आहे. पोर्तुगीज तिला ‘इथले केशर’ म्हणत. आपल्या वसमतच्या हळदीला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे, म्हणून हे वाचताना मला विशेष वाटले. हळदीतला पिवळा घटक, कुरकुमिन, १८१५ मध्ये वेगळा काढला गेला. प्रयोगशाळेत, प्राण्यांमध्ये त्याने यकृताचे संरक्षण केल्याचे दिसले आहे. पण मिऱ्यांचा अर्क घातलेल्या, जास्त मात्रेच्या हळदीच्या कॅप्सूलमुळे यकृताला सूज आल्याचे रुग्ण इटली आणि अमेरिकेत नोंदले गेले आहेत. भाजीतली हळद खुशाल खा. कॅप्सूल किंवा काढा चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, शक्य असल्यास पुडी सोबत आणा.

दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरी होते, आणि श्रेय शेवटी प्यायलेल्या रसाला जाते! मात्र रुग्ण बरळू लागला, फार झोपू लागला, उलट्या थांबेनात किंवा कुठूनही रक्त येऊ लागले, तर त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात न्या. गर्भवतीला कावीळ झाली तर या लक्षणांची वाटही पाहू नका.

ओर्ता १५६८ मध्ये गोव्यातच वारले. पुढच्याच वर्षी ज्यू धर्म गुप्तपणे पाळल्याच्या आरोपावरून त्यांची बहीण कातारिना हिला जाळण्यात आले. १५८० मध्ये धर्मन्यायालयाने ओर्तांच्या अस्थी उकरून जाळल्या. त्यांच्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप मात्र १५६७ मध्येच छापला गेला होता आणि युरोपातील डॉक्टर तो वाचत होते.