दातांवर उमटलेली जन्मवेळ

सेरेब्रल पाल्सी या विकाराला पूर्वी डॉक्टर मंडळी ‘लिटलचा आजार’ म्हणत. हे नाव पडले डॉ. विल्यम जॉन लिटल यांच्यावरून.

लिटल यांचा जन्म १८१० मध्ये लंडनमध्ये झाला. लहानपणी पोलिओने त्यांचे एक पाऊल वाकडे झाले. टाचेमागची कंडरा कापणे त्या काळी धोक्याचे मानले जाई. डॉक्टरकी शिकलेल्या लिटल यांनी मग जर्मनी गाठली. हॅनोव्हरमध्ये १८३६ मध्ये डॉ. स्ट्रोमायर यांनी छोट्याशा छेदातून ती कंडरा कापली आणि पाऊल सरळ झाले. ही पद्धत शिकून लिटल मायदेशी परतले. पुढे वाकड्या हातापायांच्या मुलांसाठी त्यांनी लंडनमध्ये संस्था काढली.

तिथे येणाऱ्या काही मुलांचे हातपाय ताठ असत. १८६१ मध्ये लिटल यांनी प्रसूतितज्ज्ञांपुढे आपले निरीक्षण मांडले. यातली बरीच मुले अपुऱ्या दिवसांची होती, काहींचे बाळंतपण अडले होते, काही जन्मल्यावर उशिरा रडली होती. ऐकणाऱ्या अनेकांना हे पटले नाही. १८९४ मध्ये लिटल वारले. तीनच वर्षांनी व्हिएन्नाचे डॉ. सिग्मंड फ्रॉइड यांनी वेगळी शंका काढली: बाळंतपण अडते, तेच मुळी पोटात आधी काही बिघडल्यामुळे असेल तर? आज दिसते ते असे, की बहुतेक मुलांच्या मेंदूला इजा जन्माआधीच होते. जन्मताना गुदमरल्याने होणारी इजा कमी मुलांत आढळते.

या काळाची एक खूण दातांवरही राहते. दुधाच्या दातांचे इनॅमल गर्भाच्या चौथ्या महिन्यापासून बनू लागते आणि पहिल्या वर्षाअखेर बहुतेक पूर्ण होते. दाताची कड आधी बनते, हिरडीजवळचा भाग नंतर. त्या दिवसांत बाळाला प्राणवायू कमी पडला किंवा ते अपुऱ्या दिवसांचे जन्मले, तर इनॅमल पातळ राहते, त्यावर खड्डे, पांढरे-पिवळे डाग दिसतात. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांत असे दात अधिक आढळतात. इनॅमल पुन्हा वाढत नाही. म्हणून या डागांसाठी आईला बोल लावू नये.

मात्र असे दात लवकर किडतात आणि बोलता न येणारे मूल ठणक सांगू शकत नाही. ते जेवण नाकारते, रात्री रडते, अंग अधिक ताठ करते. म्हणून पहिला दात येताच फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी घेऊन दिवसातून दोनदा दात घासावेत. मुलाचे डोके मांडीवर नीट टेकवले की काम सोपे होते. गोड औषधानंतर तोंड ओल्या फडक्याने पुसावे. वेळापूरसारख्या गावात अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, तेव्हा हातापायांबरोबर दातही दाखवावेत. पहिल्या वाढदिवसापर्यंत दंतवैद्यांकडे एक फेरी झालेली बरी.