पंडिता रमाबाई : श्रद्धेची कसोटी

पंडिता रमाबाई आपल्या मुलांना भेटतात त्या बहुतेक जोड्या लावा या प्रश्नात. एका बाजूला रमाबाईंचं नाव, दुसऱ्या बाजूला शारदा सदन. रेघ मारली, एक गुण मिळाला, पुढचा प्रश्न. त्यामुळे होतं काय, की या बाईंच्या आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट वर्गात येतच नाही. रमाबाई ख्रिस्ती झाल्या, आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षं त्या श्रद्धेपायी त्यांना स्वकीयांशी, परक्यांशी आणि नशिबाशी झगडावं लागलं. एखादं चौकस मूल विचारतंच की बाई, त्यांनी धर्म का बदलला? तेव्हा आपण घाईघाईने विषय बदलतो. तसं करावं लागू नये म्हणून हा लेख.

२३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या रानात त्यांचा जन्म झाला. हा भाग आता कर्नाटकात येतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून पंडितांसमोर जाब द्यावा लागला, तरी त्यांनी माघार घेतली नाही. तीच लक्ष्मीबाई पुढे आपल्या लेकीची शिक्षिका झाली. हे कुटुंब गावोगाव पुराण सांगत फिरायचं. रमाला लहानपणीच हजारो श्लोक तोंडपाठ होते.

मग दुष्काळ आला. व्रतं, उपास, दानधर्म करता करता होतं नव्हतं ते संपलं. वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी देश तुडवत निघाले ते १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी या विशीतल्या मुलीला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्या श्लोकांसाठी लोक टाळ्या वाजवत होते, त्यांच्यावरचा त्यांचा स्वतःचा विश्वास वाटेतल्या उपासमारीतच डळमळला होता.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. १८८१ मध्ये मनोरमा झाली. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला. तेविसाव्या वर्षी वैधव्य, पदरात तान्हं मूल, आणि माहेरचं म्हणावं असं कोणीच उरलेलं नाही. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे स्त्रीशिक्षणावर साक्ष दिली. आणि १८८३ मध्ये मनोरमेला घेऊन इंग्लंडला निघाल्या. वैद्यकी शिकायची होती, पण ऐकू कमी येत असल्याने ते राहून गेलं.

इंग्लंडला त्या उतरल्या वाँटेज इथे, ख्रिस्ती भगिनींच्या मठात. धर्म बदलण्याचा आपला विचार नाही हे त्यांनी स्पष्ट केलं होतं. सोबत आनंदीबाई भगत ही मैत्रीण होती. परक्या मुलुखात आपल्याला बळेच बाटवतील या भीतीने तिने स्वतःचं जीवन संपवलं. रमाबाईंवर तो केवढा आघात झाला असेल! आणि तरी त्याच वर्षी, २९ सप्टेंबर १८८३ ला, त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

का घेतला? रमाबाईंनी स्वतः सांगितलेलं कारण फार साधं आहे. समाजाने पतित म्हणून टाकून दिलेल्या बायकांची सेवा त्या भगिनी लंडनमधल्या एका आश्रमात करत होत्या. अशा बायकांवर इतकी माया कोणी करतं, हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. असं का करता, म्हणून विचारलं, तेव्हा एका भगिनीने त्यांना शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. ज्या बाईशी बोलणंही कमीपणाचं, तिच्याशी येशू बसून धर्माबद्दल बोलतो, ही ती गोष्ट. शास्त्रात बायकांना आणि शूद्रांना मोक्षाची वाट कुठे आहे हे वर्षानुवर्षं शोधलेल्या बाईला ती भिडली. पैशासाठी, आधारासाठी धर्म बदलला असं तेव्हा पुण्यात बोललं गेलं, अजूनही कधी कधी ऐकू येतं. ते निदान मला पटत नाही. आधारच हवा होता तर पुढे त्याच आधाराशी त्या भांडल्या नसत्या.

हो, भांडल्याच. हा भाग फार कमी सांगितला जातो. चर्च सांगेल ते सगळं मान्य करायचं, ही अपेक्षा रमाबाईंनी पाळली नाही. त्रैक्याच्या सिद्धांतावर, धर्मगुरूंच्या अधिकारावर त्यांनी आपल्या धर्ममातेला, म्हणजे सिस्टर जेराल्डिन यांना, पत्रांतून प्रश्नांवर प्रश्न केले. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, माझ्या देशातल्या बायकांना लॅटिन कळत नाही, मग संस्कृत का नको, हाही त्यांचा मुद्दा होता. चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकवत असताना तरुण मुलग्यांना त्यांनी शिकवू नये म्हणून हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, तर त्यावरही त्या कडाडल्या. मांसाहार कधी केला नाही. सिस्टर जेराल्डिन यांना हा अहंकार वाटला. तुम्हीच ठरवा. मला यात एका विद्यार्थिनीचा प्रामाणिकपणा दिसतो, कळल्याशिवाय मान न डोलावणारीचा.

इकडे पुण्यात ही बातमी आली तेव्हा गदारोळ झाला. जिचं स्वागत केलं तीच बाटली, असा सूर होता. जोतीराव फुल्यांसारख्या मोजक्यांनी रमाबाईंची बाजू घेतली.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभाला. तिथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, भाषणं दिली. बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी मंडळ स्थापन झालं. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. बालविधवांसाठी निवासी शाळा. पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई, आपण ज्यांना बाया कर्वे म्हणून ओळखतो, त्या इथल्याच. शाळेत धर्म शिकवायचा नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत, असा करार होता. सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर अशी माणसं होती.

आता १८९३ चा तो प्रसंग. इथे आपण जरा थांबू या, कारण शिक्षक म्हणून आणि पालक म्हणून हा आपल्याही जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन रोज प्रार्थना करत. दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी हाकललंही नाही. बाहेर बोभाटा झाला. केसरीने झोड उठवली, हे तर मिशनरी शाळेचं सोंग आहे म्हणून. रानडे, भांडारकर यांनीही राजीनामे दिले. पालकांनी वीसहून अधिक मुली काढून नेल्या. विचार करा, घरोघर फिरून, एकेका बापाला पटवून जमवलेल्या मुली होत्या त्या. त्यातल्या कित्येकींना पुन्हा त्याच अंधाऱ्या माजघरात जायचं होतं.

रमाबाईंना सुटका सोपी होती. दार लावून घ्यायचं. एवढंच. कडी लावली असती तर शाळा वाचली असती, पैसा वाचला असता, माणसं तुटली नसती. त्यांनी दार लावलं नाही. त्यांचं म्हणणं असं की हिंदू मुलीला जशी तिची पूजा करायची मोकळीक या घरात आहे, तशी मलाही माझ्या प्रार्थनेची आहे. मी कोणाला ओढून आणत नाही, पण लपूनही बसणार नाही.

दुसरी बाजूही मुलांना सांगायला हवी बरं का. रानडे, भांडारकर हे काही स्त्रीशिक्षणाचे वैरी नव्हते. पालकांनी एका शब्दावर विश्वास ठेवून मुली पाठवल्या होत्या. आणि बाईंची श्रद्धा, बाईंची माया, आणि आधार नसलेली बारा-चौदा वर्षांची मुलगी, यात मुलीवर काहीच दाब येत नाही असं आपल्यातलं कोण छातीठोक म्हणेल? आपण वर्गात नुसता कपाळाला अंगारा लावून गेलो तरी मुलं बघतात. पुढे सदनातल्या काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला आणि वाद पुन्हा पेटला. मला रमाबाईंचा उघडेपणा पटतो, पण मुलीला परत न्यायला आलेल्या बापाची घालमेलही मला परकी वाटत नाही. मोठ्या वर्गात यावर चर्चा घेऊन बघा. मुलं आपल्यापेक्षा जास्त न्यायाने बोलतात.

या काळाबद्दल रमाबाईंनी पुढे एक कबुली दिली. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्या मानत. म्हणजे १८९१ च्या सुमारास त्यांच्या मनाला जे मिळालं, त्याची परीक्षा लगेच दोन वर्षांत झाली.

शाळा बंद पडली नाही. पुण्याजवळ केडगावला त्यांनी जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळबाग लावली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या. उपासमार म्हणजे काय हे ज्या बाईने अंगावर काढलं होतं, तिला त्या मुलींकडे पाठ फिरवणं शक्यच नव्हतं. तीनशेच्या आसपास मुली आणि बायका त्यांनी आणल्या. इतक्यात पुण्यात प्लेग. तेव्हा सरकारी इस्पितळातल्या गैरव्यवस्थेवर त्यांनी वर्तमानपत्रात उघड लिहिलं. गव्हर्नरने इन्कार केला, पण त्यांनी शब्द मागे घेतला नाही. ख्रिस्ती झाल्या म्हणजे सरकारच्या झाल्या, असं म्हणणाऱ्यांनी हेही वाचावं.

केडगावचं मुक्ती सदन वाढत गेलं. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथे दोन हजारांच्या घरात माणसं राहत होती. विणकाम, तेलाचा घाणा, दूधदुभतं, छापखाना, सगळं बायकाच चालवत. आंधळ्या मुलींना मनोरमा ब्रेल शिकवी. एवढ्या पोटांना रोज दोन वेळ घालायचं, आणि ठरलेलं उत्पन्न मात्र फारसं नाही. देणग्या यायच्या, कधी यायच्या नाहीत.

उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून बायबल मराठीत आणायला घेतलं. खेड्यातल्या, जेमतेम वाचता येणाऱ्या बाईला कळावं म्हणून सोप्या मराठीत. संस्कृत पंडितेने संस्कृत शब्द गाळत बसायचं, हे कामही काही सोपं नव्हे. याला बरीच वर्षं लागली. कान जवळजवळ गेले होते.

आणि २४ जुलै १९२१ ला मिरजेत मनोरमा गेली. वय चाळीस. आईवडील, बहीण, भाऊ, नवरा, आणि आता लेक. रमाबाईंच्या मागे हे सगळं काम तिनेच बघायचं असं ठरलेलं होतं. त्या पुन्हा कामाला बसल्या. साडेआठ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगावलाच त्यांचं निधन झालं. त्यांचं संपूर्ण मराठी बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं. ते छापलं मुक्तीच्याच छापखान्यात, आणि त्याचे खिळे जुळवणाऱ्यांत एकेकाळी दुष्काळातून आणलेल्या, रमाबाईंकडे अक्षर शिकलेल्या मुली होत्या.