वचनांचे राखणदार शिवशरण डोहर कक्कय्या

उद्यमबागेवरून जाणारा खानापूर रस्ता आपल्यापैकी पुष्कळांच्या रोजच्या पायाखालचा आहे. पाळी सुटली की याच रस्त्याने कोणी पिरनवाडीकडे वळतो, कोणी खानापूरची बस धरतो. हाच रस्ता पुढे खानापूर, नंदगड, बिडी असा करीत कक्केरीला पोचवतो. कक्केरीत शिवशरण डोहर कक्कय्या यांची समाधी आहे. उळवीच्या जत्रेला वर्षानुवर्षे जाणाऱ्या शरणबंधूंनाही हे नेहमी ठाऊक असतेच असे नाही, म्हणून या अंकी कक्कय्यांचे चरित्र सांगण्याचे योजिले आहे.

कक्कय्या मूळचे माळव्याकडचे. तेथून ते कल्याणास आले असे परंपरा सांगते. जन्म डोहर कुळात, कायक कातडी कमावण्याचे. आपल्याकडे याच कुळास ढोर म्हणतात, आणि तोच शब्द गुराढोरांनाही लावला जातो, यातच त्या काळच्या आणि नंतरच्याही समाजाने त्यांना कोठे बसविले होते ते कळून येते. हे कायक हलके नव्हे. मेलेल्या जनावराचे ओले कातडे चुन्याच्या कुंडात दिवसेंदिवस भिजत ठेवायचे, केस सुटले की खरवडून काढायचे, मग बाभळीची साल आणि हिरडे यांच्या पाण्यात ते मुरवायचे, पुन्हा पुन्हा उलटायचे. हात चुन्याने फाटतात, अंगाचा वास धुतला तरी जात नाही. परंतु त्या कातड्याची मोट झाली नाही तर विहिरीचे पाणी मळ्याला चढत नसे, पखाल झाली नाही तर फौजेला पाणी मिळत नसे. गावाची शेती ज्यांच्या हातच्या मोटेवर पिकत होती, त्यांना गावाच्या वेशीबाहेर ठेवण्यात गावाला काही वावगे वाटत नव्हते.

अशा माणसाने इष्टलिंग हाती घेतले. कक्कय्यांची वचने आज मोजकी, सहाच उपलब्ध आहेत. त्यांवर अभिनव मल्लिकार्जुन ही त्यांची मुद्रा आहे. त्यांतील भाव असा की, हीन मानलेल्या कुळात जन्मास घातल्याबद्दल ते आपल्या लिंगदेवापाशीच गाऱ्हाणे मांडतात. हाताने स्पर्श करावयाचा तर भय वाटते, मग मनानेही स्पर्श करू नये काय, असे लिंगालाच विचारतात. पुढे शरणांच्या सहवासाने तो जन्माचा डाग धुऊन निघाल्याचे ते कृतज्ञतेने सांगतात. भक्ताने देवापाशी तक्रार करावी, आणि ती तक्रार खरी असावी, असे वचनसाहित्यात अनेक ठिकाणी आहे. पण कक्कय्यांच्या तक्रारीला जी धार आहे ती अनुभवाची आहे.

महात्मा बसवेश्वरांनी त्यांना काय मानले हे सर्वांना ठाऊक आहे. मादार चन्नय्या आणि डोहर कक्कय्या यांना त्यांनी आपल्या घरची वडीलधारी मंडळी म्हणून गणले, स्वतःला त्यांच्या घरच्या सेवकांचे पोर म्हणविले. कल्याणच्या राजाचा भंडारी कातडी कमावणाऱ्याला वडिलांच्या जागी मानतो, ही केवळ नम्रतेची भाषा नव्हती. कुळाचा जो दाखला जन्माने मिळतो तो फाडून दुसरा दाखला त्यांनी जाहीरपणे लिहिला. कल्याणातील कर्मठांना हेच सोसले नाही.

पुढचा प्रसंग सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. समगार कुळातील हरळय्या यांचा मुलगा शीलवंत आणि ब्राह्मणकुळात जन्मलेले मधुवरस यांची कन्या लावण्यवती यांचा विवाह झाला. शरणांच्या दृष्टीने दोन्ही घरे लिंगवंतांची, तेव्हा त्यात जातिसंकर कसला? राजा कलचुरी बिज्जळाने मात्र हरळय्या आणि मधुवरस यांना हत्तीच्या पायाला बांधून ओढण्याची शिक्षा दिली. हे वर्ष ११६७-६८ च्या सुमाराचे. बसवण्णा कूडलसंगमाकडे गेले होते. लवकरच बिज्जळाचा वध झाला, आणि कल्याणात शरण म्हणून ओळखला जाणारा प्रत्येक माणूस संशयित ठरला.

तेव्हा चन्नबसवण्णा, अक्का नागम्मा, मडिवाळ माचय्या, कक्कय्या आणि असंख्य शरण पश्चिमेकडे निघाले. दिशा पश्चिमेचीच का, याचा विचार आम्ही पुष्कळदा करतो. हळशी आणि खानापूरचा हा मुलूख तेव्हा कलचुरींचा नव्हता; तो गोव्याच्या कदंबांचा होता आणि शिवचित्त पेर्माडी हा त्यांचा राजा होता. वर घनदाट रान. पाठलागावरील फौजेपासून माणसे आणि ताडपत्रे वाचवायची तर याहून बरी वाट नव्हती.

होय, ताडपत्रे. या प्रवासात सोने नाणे कोणी नेले असेल नसेल, पण वचनांचे गठ्ठे नेले जात होते. ताडपत्र पाण्याने कुजते, आगीत क्षणात जाते, वाळवी ते सहज खाते. ते डोक्यावरून, गाडीतून, नदी उतरून, पावसापासून जपत न्यायचे म्हणजे तान्हे मूल नेण्यासारखे. मलप्रभेच्या काठी कादरवळ्ळी येथे राजाच्या फौजेशी चकमक झाल्याचे परंपरा सांगते. माचय्या आणि कक्कय्या हे मागे राहून फौज अडविणाऱ्यांत होते. गठ्ठे पुढे जावेत म्हणून मागे उभे राहायचे, हे काम त्यांनी पत्करले. त्या वाटेवर कक्केरी येथे कक्कय्या लिंगैक्य झाले. गावाचे नावच कक्कय्या आणि केरे म्हणजे तळे यांवरून पडले असे सांगतात. गठ्ठे मात्र पुढे उळवीस पोचले.

आता एक प्रश्न तरुण मंडळी नेहमी विचारतात. कक्कय्यांना हुतात्मा म्हणावे काय? बेळगावकराला हा शब्द परका नाही. शहरात हुतात्मा चौक आहे. बसवकल्याणात दसऱ्याच्या दिवसांत शरणांचा हुतात्मा दिन पाळला जातो. आदराने म्हणावे, त्यास आमची हरकत नाही. पण शब्द नीट पाहावा. हुत म्हणजे अग्नीत आहुती दिलेले. ज्या शरणांनी यज्ञच नाकारला, त्यांच्या मरणाला यज्ञाचा शब्द लावताना थोडे थांबावे. शहीद हा शब्द अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ साक्ष देणारा. शिखांनी तो आपलासा केला, आणि १६०६ साली गुरू अर्जनदेव व १६७५ साली गुरू तेगबहादूर यांनी दिलेल्या प्राणांना तोच शब्द ते लावतात. साक्षीचा अर्थ कक्कय्यांच्या अधिक जवळचा वाटतो.

आपल्या या भागात त्याहून जुनी एक समजूत आहे, ती वीरगळांची. देवळाच्या आवारात किंवा शेताच्या बांधावर उभे असलेले ते दगड आपण पाहतो. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेत आहेत, सर्वांत वर तो कैलासात शिवलिंगापुढे बसला आहे. गाई सोडविताना किंवा धन्यासाठी मेला की स्वर्ग, असा तो सौदा होता. दगड उभारणारे शिवभक्तच होते, त्यांच्या भक्तीविषयी शंका नाही. परंतु शरणांनी हा हिशेब मान्य केला नाही. ज्याने दीक्षेच्या वेळीच तनमनधन अर्पण केले, त्याच्यापाशी मरताना द्यायला वेगळे काय उरते? आणि मेल्यावर मिळणारा कैलास त्याला कशाला, लिंग तळहातावर असताना? म्हणून आपल्याकडे शब्द लिंगैक्य असा आहे. तो शब्द रणात पडलेल्या कक्कय्यांनाही लागतो आणि अंथरुणावर शांतपणे गेलेल्या आजीलाही. मरणाच्या प्रकारावरून शरणांत वरखाली लागत नाही. हा मुद्दा आम्हाला फार मोलाचा वाटतो, कारण मरण्याची हौस वाढविणारी भक्ती पाहता पाहता मारण्याकडे वळते, आणि बिज्जळाच्या वधाने शरणांचे काही भले झाले नाही.

मात्र लोकांचे मन वेगळ्या रीतीने चालते, त्याचीही दखल घ्यावी. कक्केरीच्या वाटेवरच नंदगड आहे. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे शूर सेवक संगोळ्ळी रायण्णा यांना इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ रोजी तेथे फाशी दिले. त्यांच्या समाधीपाशी वड आहे. मूल व्हावे म्हणून जोडपी तेथे नवस बोलतात, लाकडी पाळणे वाहतात. फाशी गेलेल्या वीरापाशी पाळणा मागणे यात लोकांचे काही चुकते असे म्हणवत नाही. कक्कय्यांच्या समाधीकडे मात्र एवढी रीघ लागत नाही.

याला कारण आहे, आणि ते लपविण्यात अर्थ नाही. कक्कय्यांना वडील मानणारे बसवण्णा आपण पुजले, पण कक्कय्यांच्या कुळातील माणसाला पुष्कळ ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या पंगतीत घेतले नाही. पाण्याचा घडा वेगळा, ओटा वेगळा. महाराष्ट्रातील ढोर समाजाने मात्र त्यांना सोडले नाही. सोलापुरापासून मुंबईपर्यंत हा समाज स्वतःला कक्कय्यांचा म्हणवितो. धारावीत त्यांच्या नावाचा रस्ता आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत ढोर, कक्कय्या, कंकय्या, डोहोर ही नावे एकाच ओळीत छापलेली आहेत. शरणाचे नाव जातीच्या यादीत यावे! ज्यांनी जातीचा दाखला फाडला त्यांचेच नाव दाखल्यावर चढले. त्या समाजाने ते अभिमानाने घेतले हे योग्यच. खंत आपल्या बाजूची आहे.

इतिहासाचे जाणकार म्हणतील की कक्कय्यांविषयीचे बरेचसे तपशील नंतरच्या पुराणांतून आलेले आहेत. खरे आहे. भीमकवींचे बसवपुराण १३६९ चे, म्हणजे कल्याणनंतर दोनशे वर्षांचे. शिलालेखाचा आधार हवा असेल तर तोही आपल्याच जिल्ह्यात, हुक्केरी तालुक्यातील अर्जुनवाड येथे आहे. १२६० च्या त्या लेखात बसवण्णांचा उल्लेख आहे. कक्कय्यांसाठी असा दगड नाही. त्यांच्यासाठी साक्ष आहे ती बसवण्णांच्या वचनांची, आणि ती वचने ज्या गठ्ठ्यांतून आपल्यापर्यंत आली त्या गठ्ठ्यांची.

ते गठ्ठे मग शतकानुशतके मठांच्या माळ्यावर आणि भक्तांच्या घरच्या देव्हाऱ्यात पडून होते. डॉ. फ. गु. हळकट्टी यांनी गावोगाव फिरून ते जमविले. वचनशास्त्रसाराचा पहिला भाग १९२३ साली छापून निघाला, तो बेळगावात, चौगुले यांच्या महावीर छापखान्यात. कक्केरीपासून त्या छापखान्यापर्यंतचे अंतर बसने दोन तासांचे असेल. ताडपत्रांना ते कापायला साडेसातशे वर्षे लागली.

कक्केरीस जाणाऱ्यांनी सकाळी लवकर निघावे. खानापूरपर्यंत वाहने भरपूर आहेत, पुढे बिडीवरून जावे लागते. माघी पौर्णिमेस उळवीला गाडी जुंपून जाणाऱ्या मंडळींनी वाट थोडी वाकडी करून समाधीचे दर्शन घ्यावे, आणि बरोबर वचनांचे एखादे पुस्तक न्यावे.