लाल डोंगराचे चित्रकार होकुसाई

होकुसाई हे जपान देशाचे फार मोठे चित्रकार होऊन गेले. त्यांचा जन्म इ. स. १७६० मध्ये एदो शहरात झाला. एदो म्हणजे आत्ताचं टोकियो. लहानपणी ते लाकूड कोरायला शिकले. मग शुन्शो नावाच्या चित्रकारांकडे शिकायला राहिले. त्यांनी आपलं नाव तिसाच्या वर वेळा बदललं आणि घर तर नव्वदच्या वर वेळा बदललं असं सांगतात. एवढं सामान कसं नेत असतील कोण जाणे!

सत्तरी आली तेव्हा त्यांनी फुजी डोंगराची चित्रं काढली. छत्तीस काढायची होती, पण लोकांना आवडली म्हणून आणखी दहा काढली. त्यातलं लाल डोंगराचं चित्र गुरुजींनी आम्हाला पुस्तकात दाखवलं. मला तेच सगळ्यांत आवडतं.

आमच्या वर्गातल्या काही मुलांना वाटतं की डोंगर पेटला आहे. फुजी ज्वालामुखी आहे हे खरं. पण तो शेवटचा १७०७ साली पेटला, तेव्हा होकुसाई जन्मले पण नव्हते. आणि चित्रात धूर कुठंच नाही. चित्राच्या नावातच दक्षिणेचा वारा आणि स्वच्छ हवा आहे. म्हणजे ही पहाट आहे. ऊन पडून डोंगर लाल झालाय. शेंड्यावर बर्फाच्या थोड्याच रेघा आहेत, म्हणून हिवाळा नाही. खाली हिरवं रान आहे, मागं निळ्या आभाळात बारीक बारीक ढग. माणूस एकही नाही. सगळे छाप सारखे लाल नसतात, आधीचे फिकट आहेत.

हे चित्र लाकडाच्या ठशाने छापलेलं आहे. कागदावरचं चित्र फळीवर उलटं चिकटवायचं आणि त्याच्यावरूनच कोरायचं. म्हणजे होकुसाईंनी हातानं काढलेलं मूळ चित्र कोरतानाच संपून जातं! मला फार वाईट वाटलं. पण ते गेलं म्हणूनच शेकडो लोकांच्या घरी डोंगर पोचला. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा लागतो. थोडा जरी सरकला तरी रंग रेघेबाहेर जातो.

१८३९ साली त्यांच्या घराला आग लागली आणि पुष्कळ चित्रं जळाली. तरी ते काढतच राहिले. त्यांची मुलगी ओई पण चांगली चित्रकार होती. १८४९ साली ते वारले. मरताना त्यांना आणखी थोडी वर्षं हवी होती, चित्रं काढायला.

लाल डोंगराच्या चित्रावर होकुसाईंची सही आहे. कोरणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव नाही. मला वाटतं तेही लिहायला पाहिजे होतं.