दत्तकाचे पूर्वज : सरफोजीराजे आणि तंजावरचा भोसलेवंश-लेख

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारात नैर्ऋत्य बाजूच्या भिंतीवर एक मराठी लेख कोरलेला आहे. देवनागरी अक्षरांच्या ओळींमागून ओळी आणि शिळांमागून शिळा वाचीत जावे, तरी तो संपत नाही. जगातील सर्वांत दीर्घ शिलालेखांत त्याची गणना केली जाते. विषय एकच : भोसले घराण्याची उत्पत्ती, विस्तार आणि तंजावरच्या गादीपर्यंत आलेली तिची परंपरा. लेख १८०३ मधील असून तो सरफोजीराजांच्या आज्ञेवरून त्यांचे चिटणीस बाबूराय यांनी रचला. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात तंजावरला बहुधा एखादे पुरवणीवजा प्रकरण मिळते, आणि त्यातही या लेखाच्या वाट्याला चार-दोन ओळीच येतात. इतिहाससंशोधकांनी त्याची चिकित्सा केली ती मुख्यतः सनावळीच्या अंगाने. आणि सनावळीच्या बाबतीत लेख फारसा भरवशाचा नाही हे दिसताच त्यांनी तो बाजूस ठेवला. मला मात्र तो वाचताना प्रश्न पडतो तो निराळा. आपल्या पूर्वजांची हकीकत इतक्या विस्ताराने दगडात कोरविण्याची निकड एखाद्या राजाला का भासावी? त्याचे उत्तर त्या राजाच्या चरित्रात आहे.

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसल्यांच्या एका दूरच्या शाखेत झाला. तंजावरचे राजे तुळजाजी यांची मुले त्यांच्या डोळ्यांदेखत गेली होती. १७७३ मध्ये अर्काटच्या नबाबाने इंग्रजांच्या मदतीने तंजावर घेतले, राजाला कैदेत टाकले, आणि १७७६ मध्ये कंपनीने त्याला पुन्हा गादीवर बसविले. या आघातांतून ते राज्य किंवा तो राजा पुरता सावरला नाही. मृत्यू समीप आलेला पाहून तुळजाजींनी १७८७ मध्ये दहा वर्षांच्या आतील या मुलाला दत्तक घेतले आणि श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याला त्याचे पालकत्व पत्करण्याची गळ घातली. श्वार्ट्झने ते नाकारले. राजाचे सावत्र बंधू अमरसिंग यांनी कारभार पाहावा, असा सल्ला त्याने दिला. सल्ला सद्‌हेतूने दिलेला होता. त्याचा परिणाम मुलाला भोगावा लागला.

तुळजाजी निवर्तताच अमरसिंगांनी गादीवर स्वतःचा हक्क सांगितला. दत्तविधानावर तीन आक्षेप निघाले. दत्तक घेतेवेळी राजाचे चित्त ठिकाणावर नव्हते. मुलाचे वय शास्त्राने घातलेल्या मर्यादेत बसत नव्हते. आणि तो जनक पित्याचा एकुलता एक पुत्र होता. तिसरा आक्षेप धर्मशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत जड. एकुलता पुत्र दुसऱ्याला देणारा बाप आपल्याच पितरांचे पिंड तोडतो, अशी त्यामागील समजूत. मद्रासचे गव्हर्नर कॅम्पबेल यांनी स्थानिक पंडितांचा अभिप्राय घेतला, तो मुलाच्या विरुद्ध गेला आणि अमरसिंग राजे झाले. त्यांच्या अमलात हा मुलगा जवळजवळ कोंडवाड्यातच वाढला. श्वार्ट्झने कंपनीकडे तक्रारी केल्या, शिक्षणाची व्यवस्था लावली आणि अखेर १७९३ मध्ये त्याला तुळजाजींच्या विधवा राण्यांसह मद्रासला हलविण्यात आले. तेथे गेरिके या दुसऱ्या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली तो शिकला. दरम्यान प्रकरण कलकत्त्यापर्यंत पोचले. बंगालच्या आणि काशीच्या पंडितांपुढे तोच प्रश्न ठेवण्यात आला, आणि त्यांनी दत्तविधान ग्राह्य ठरविले. एका मुलाचा बाप कोण, या प्रश्नाची दोन उत्तरे दोन प्रांतांतील शास्त्र्यांनी दिली, आणि त्यांतले कोणते खरे मानायचे हे एका व्यापारी कंपनीने ठरविले! दहा वर्षे ज्याचे पूर्वज वादग्रस्त होते तो मनुष्य १७९८ च्या जूनअखेर गादीवर बसला. श्वार्ट्झ ते पाहावयास उरला नव्हता. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याचे निधन झाले होते.

राज्य मिळाले, पण फार थोड्या दिवसांपुरते. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने मुलखाचा सारा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे तंजावरचा किल्ला आणि त्याच्या भोवतालची थोडी जागा उरली. शिवाय दरसाल एक लाख होन आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा त्यांना मिळावयाचा होता. राजेपणाची खूण म्हणून सैन्य नाही, न्याय नाही, महसूल नाही. उरले काय, तर नाव. या तहानंतर चारच वर्षांनी बाबूरायांनी लेख सिद्ध केला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याची लांबी तितकीशी विक्षिप्त वाटत नाही.

येथे मराठी लेखनपरंपरेतील एका गोष्टीची आठवण ठेवणे अगत्याचे आहे. आपल्याकडे घराण्याचा इतिहास निवांतपणे, केवळ कौतुकापोटी लिहिला जाण्याचे प्रसंग थोडे. वतनाचा तंटा उभा राहिला, वृत्तीवर दुसऱ्याने हक्क सांगितला, भाऊबंदांत वाटणी निघाली, की वंशावळ लिहिली जाई. वादी आणि प्रतिवादी आपापले करीने सादर करीत. मूळ पुरुष कोण, तो कोठून आला, त्याला सनद कोणी दिली, मधल्या दुष्काळात वा धामधुमीत कोण परागंदा झाले आणि कोण परत आले, हे सारे त्यात सांगितलेले असे. मग गोतसभा बसे, साक्षी होत आणि महजर तयार होई. आसामच्या बुरंजी किंवा मारवाडच्या ख्याती यांच्याशी आपल्या बखरींची तुलना करणाऱ्यांनी हा फरक पाहण्याजोगा आहे : मराठी कुलवृत्तान्ताचा जन्म पुष्कळदा तंट्याच्या चावडीवर झालेला आहे. त्याच्या गद्यात साक्षीदाराचा सूर असतो तो यामुळेच. बृहदीश्वराच्या भिंतीवरचा लेख मला अशा करीन्यासारखा दिसतो, फक्त तो निवाडा होऊन गेल्यावर दाखल केलेला आहे, आणि ऐकावयास गोत नाही.

लेखात अर्थातच शहाजी आणि शिवाजी यांची कथा येते, आणि मग व्यंकोजींची. तंजावरच्या शाखेला ही कथा सांगणे सोपे नव्हते. १६७७ मध्ये शिवाजीमहाराज दक्षिणेत उतरले तेव्हा कोलेरून नदीच्या काठी तिरुमलवाडी येथे त्यांची आणि व्यंकोजींची भेट झाली. वडिलांच्या दौलतीतला हिस्सा थोरल्या भावाने मागितला, आणि धाकटा रात्री छावणीतून निघून गेला. महाराष्ट्रातील बखरकारांनी हा प्रसंग थोरल्याच्या बाजूने सांगितला आहे. तंजावरच्या वंशजाला मात्र दोघेही आपलेच. एकामुळे कुळाला कीर्ती, दुसऱ्यामुळे त्याला गादी. कुळाचा इतिहास लिहिणाऱ्यापुढे अशी अडचण नेहमीच असते. ज्या भांडणातून आपला जन्म झाला ते भांडण त्याला सांगावे लागते. पुढचा काळही सरळ नव्हता. १७३६ ते १७३९ या अवघ्या तीन वर्षांत तंजावरच्या गादीवर एकामागून एक वारस चढले आणि उतरले. त्यांपैकी एकावर तर तो तोतया असल्याचा आरोप होता. त्या गोंधळातून वर आलेल्या प्रतापसिंगांचे औरसत्वही निर्विवाद नव्हते, आणि तुळजाजी व अमरसिंग हे त्यांचेच पुत्र. ज्या अमरसिंगांनी सरफोजींचा वारसा नाकारला त्यांचे स्वतःचे पीतरही वादातून सुटलेले नव्हते. दगडावरच्या ओळी मात्र अखंड वाहतात. दत्तकाला अखंडतेची गरज औरसाहून अधिक असते.

याच सुमारास कर्नल मॅकेंझी दक्षिणेत आपल्या कावली बंधूंसारख्या साहाय्यकांमार्फत गावोगावच्या कैफियती आणि वंशावळी गोळा करीत होता. त्याला जमीन मोजता मोजता माणसांचा इतिहासही हवा होता. त्याच्या दप्तरात गेलेल्या वंशावळी परक्या जिज्ञासेला दिलेली उत्तरे आहेत. सरफोजींनी लिहविलेला वृत्तान्त कोणाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून नाही. तरीही त्यात इंग्रजांची स्तुती आहे, आणि ती वाचताना आजच्या वाचकाला अवघडल्यासारखे होते. ते अवघडलेपण मी टाळू इच्छीत नाही. ज्यांनी राज्य घेतले त्यांनीच वारसा मान्य केला होता. कृतज्ञता आणि लाचारी यांची येथे गाठ पडली आहे, आणि ती सोडविण्याचा यत्न बाबूरायांनी केलेला दिसत नाही.

राजांच्या इतर उद्योगांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे ओझरता उल्लेख पुरे. नायकांच्या काळापासूनचा ग्रंथसंग्रह त्यांनी वाढविला आणि सरस्वती महालाला आजचे रूप दिले. धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग चालविले आणि नेत्ररुग्णांची टिपणे डोळ्यांच्या चित्रांसह लिहवून ठेविली. देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढला, जेथून १८०६ मध्ये इसापच्या गोष्टी मराठीत निघाल्या. मुंबई-पुण्याकडे मराठी छपाईचा अजून पत्ता नव्हता. देवेंद्र कुरवंजी या मराठी नाटकात त्यांनी तमिळ कुरवंजीच्या साच्यातून भूगोल सांगितला. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे नृत्याचार्य बंधू त्यांच्याच दरबारी होते. या यादीत एक गोष्ट नजरेत भरते : प्रत्येक उद्योग काही ना काही जपण्याचा, नोंदण्याचा, क्रम लावण्याचा आहे. ज्याला राज्य करता येत नव्हते तो राजा दप्तरदार झाला, आणि मला तर वाटते की तो उत्तम दप्तरदार झाला.

दोन पित्यांचा उल्लेख वर झाला. वस्तुतः ते तीन होते. जनक पिता, दत्तक पिता आणि श्वार्ट्झ. श्वार्ट्झचे स्मारक राजांनी इंग्लंडमध्ये फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरात करविले. मरणशय्येवरच्या पाद्र्याजवळ राजे उभे आहेत असे ते शिल्प. त्याच्या थडग्यासाठी त्यांनी इंग्रजीत पद्यही रचले. धर्म मात्र बदलला नाही. एका गावात, थोड्याशा अंतरावर, एकाच माणसाने दोन प्रकारच्या पूर्वजांविषयी दगडात लिहून ठेविले : मंदिराच्या भिंतीवर मराठीत, आणि चर्चमध्ये इंग्रजीत. वंशावळीच्या झाडात तिसऱ्या पित्याला फांदी नव्हती, म्हणून त्याच्यासाठी निराळा दगड लागला. या दोन लेखांचा एकत्र विचार आपल्या अभ्यासकांनी केलेला माझ्या पाहण्यात नाही. एक मराठीवाल्यांकडे राहिला आणि दुसरा मिशनच्या इतिहासकारांकडे.

१८२० मध्ये राजे मोठा लवाजमा घेऊन काशीयात्रेस निघाले आणि १८२२ मध्ये परतले. त्या प्रवासावर लावण्या रचल्या गेल्या, आणि त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या म्हणून त्या सरस्वती महालाकडून छापूनही आल्या. वाटेत आणि काशीत त्यांनी पोथ्या जमविल्या, हे नेहमी सांगितले जाते. परंतु काशी, प्रयाग आणि गया या त्रिस्थळीचे प्रयोजन पितरांशी निगडित आहे, हे विसरून चालणार नाही. गयेस पिंड द्यावा तो पुत्राने. दत्तकाला गोत्र मिळते आणि त्याबरोबर हे कर्तव्यही. तेहतीस वर्षांपूर्वी ज्या अधिकाराबद्दल शास्त्रार्थ झाला, तो अधिकार या यात्रेत हातातल्या दर्भाने बजावला गेला. शिवाय ज्या काशीच्या पंडितांनी त्या मुलाला पुत्र ठरविले, त्या काशीत तो चाळिशी ओलांडलेला यजमान म्हणून उभा होता. या यात्रेकडे मी तरी ग्रंथसंग्राहकाची मोहीम म्हणून पाहू शकत नाही.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजीराजे वारले. त्यांचे पुत्र शिवाजी गादीवर आले आणि १८५५ मध्ये पुरुषसंतती मागे न ठेवता गेले. कंपनीने या वेळी पंडितांना विचारले नाही. राज्य खालसा झाले, खाजगी मालमत्ताही जप्त झाली, आणि राणी कामाक्षीबाईंनी लावलेला दावा लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १८५९ मध्ये तेथे निकाल झाला की हे राजसत्तेचे कृत्य असून त्याची चौकशी करण्याचा न्यायालयाला अधिकार नाही. त्या दाव्याचा हवाला कायद्याच्या पुस्तकांत अद्याप दिला जातो. भिंतीवर कोरलेला करीना कोणत्याही न्यायासनापुढे वाचला गेला नाही.

तो छापून लोकांपुढे आला १९०७ मध्ये, टी. सांबमूर्ति राव यांच्या खटपटीने. मंदिराच्या मूळ कर्त्याची, राजराज चोळाची, खरी ओळखही त्याच्या थोडीच वर्षे आधी, हुल्ट्श यांनी तेथील तमिळ लेख वाचल्यावर निश्चित झाली होती. राजराजाने त्या भिंतींवर दाने नोंदली, देवळातील नर्तकींची नावे आणि त्यांची घरे नोंदली. त्याच आवारात आठ शतकांनी, दुसऱ्या भाषेत, एका दत्तकाने आपले आजे-पणजे नोंदले. मी गेलो होतो तेव्हा दुपारची वेळ होती आणि दगड तापलेले होते. ओळींवरून बोट न फिरविता, नुसत्या डोळ्यांनी, मालोजींपासून शहाजींपर्यंत पोचावयास मला बराच वेळ लागला. प्रदक्षिणा घालणाऱ्यांपैकी एका वृद्ध गृहस्थांनी थांबून, तंजावरकडच्या मराठीत, मी कोणत्या राजापर्यंत आलो ते विचारले, आणि पुढचे नाव त्यांनी न पाहताच सांगितले.