गुळगुळीत काचेवर अंध माणसं टाईप कशी करतात? उत्तर २०० वर्षांपूर्वी एका १५ वर्षांच्या पोराने शोधलं होतं

खिशातला फोन काढा. मेसेज लिहायची चौकट उघडा, डोळे घट्ट मिटा आणि 'कमल' एवढा एकच शब्द टाईप करून बघा.

नाही ना जमलं? जुन्या बटणांच्या फोनवर निदान ५ च्या बटणावर बारीक उंचवटा असायचा. त्यावरून बाकीची बटणं अंदाजाने सापडायची. टचस्क्रीन आली आणि तो उंचवटाही गेला. बोटाखाली उरली ती सपाट काच.

तरीही आज लाखो अंध लोक स्मार्टफोन वापरतात. २००९ साली आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आलं. अँड्रॉइडवर हेच काम टॉकबॅक करतं. काचेवर बोट फिरवायचं, बोटाखाली येईल ते अक्षर फोन बोलून दाखवतो. हवं ते अक्षर ऐकू आलं की बोट उचलायचं किंवा दोनदा टॅप करायचं. पद्धत चालते, पण दर अक्षराला शोधाशोध. कारण तो कीबोर्ड मुळात डोळ्यांसाठी बनलाय.

आता तुम्ही म्हणाल, बोलून टाईप करावं की. घरात ठीक आहे. पण भरलेल्या एसटीत बँकेचा पासवर्ड मोठ्याने कसा बोलणार? बायकोशी किंवा नवऱ्याशी भांडण झालंय, तो मेसेज शेजारच्या सीटवरच्याला ऐकवत कसा पाठवणार?

यावर एक उत्तर आहे. ते समजून घ्यायला फ्रान्समधल्या एका खेड्यात जावं लागतं.

पॅरिसच्या पूर्वेला साधारण ३५ ते ४० किलोमीटरवर कूव्रे नावाचं गाव आहे. तिथे ४ जानेवारी १८०९ रोजी लुई ब्रेलचा जन्म झाला. वडील सिमों-रने घोड्यांची खोगिरं आणि लगाम बनवायचे. घरालगतच कामाची खोली. चार भावंडांत लुई सगळ्यात धाकटा.

लुई तीन वर्षांचा असताना वडिलांचं बघून तोही चामड्याशी खेळायला गेला. हातातलं टोकदार हत्यार निसटलं आणि थेट डोळ्यात घुसलं. जखम चिघळली. जंतुसंसर्ग दुसऱ्या डोळ्यात पसरला. पाच वर्षांचा होईपर्यंत त्याची दृष्टी पूर्ण गेली होती.

त्या काळात गरीब घरातल्या अंध मुलाच्या नशिबात बहुतेक वेळा भीक मागणं यायचं. लुईच्या आईवडिलांनी तसं होऊ दिलं नाही. गावातल्या धर्मगुरूने त्याला शिकवायला सुरुवात केली, मग तो गावातल्याच शाळेत डोळस मुलांबरोबर बसू लागला. पोरगं हुशार होतं, ऐकलेलं विसरत नव्हतं. पण बाकीची मुलं पुस्तक उघडायची, पाटीवर लिहायची, तेव्हा लुईला नुसतं बसून राहावं लागायचं.

१८१९ मध्ये, दहाव्या वर्षी, त्याला पॅरिसमधल्या अंध मुलांच्या शाळेत प्रवेश मिळाला. ही शाळा व्हॅलेंतॅं आवी यांनी सुरू केलेली. इथे अंध मुलांसाठी खास पुस्तकं होती. ओलसर कागदावर मोठी अक्षरं दाबून त्यांना उठाव दिलेला असायचा. मुलं त्या अक्षरांच्या कडांवरून बोट फिरवायची आणि अक्षर ओळखायची.

पुस्तकं अवजड होती आणि मोजकीच होती. वाचायला इतका वेळ लागायचा की वाक्याच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरायला व्हायची. आणि खरी अडचण पुढे होती. ही अक्षरं वाचता यायची, पण मुलांना ती स्वतः लिहिता येत नव्हती. घरी आईला पत्र पाठवायचं तर कुणा डोळस माणसाला मजकूर सांगायचा. म्हणजे मनातलं आधी परक्याला कळणार, मग आईला.

आजच्या कीबोर्डचं दुखणं अगदी हेच आहे. डोळ्यांसाठी बनवलेली गोष्ट बोटांच्या गळ्यात मारलेली.

१८२१ मध्ये शार्ल बार्बिए हा माजी लष्करी अधिकारी शाळेत स्वतःची लिपी घेऊन आला. त्यात अक्षरांचे आकार नव्हते, उठावाचे ठिपके होते. सहा-सहाच्या दोन ओळी, म्हणजे एका खुणेत जास्तीत जास्त १२ ठिपके. लिहायला खाचा असलेली पाटी आणि एक टोचा. मुलांनी ठिपके चाचपले आणि त्यांना ते रेषांपेक्षा सोपे वाटले. शिवाय टोचा हातात धरून ते स्वतः लिहू शकत होते.

पण बार्बिएच्या लिपीत दोन घोळ होते. एक, ती उच्चारावर चालायची, त्यामुळे शुद्धलेखन नाही आणि विरामचिन्हंही नाहीत. दोन, १२ ठिपके एका बोटाखाली मावत नव्हते. एक खूण कळायला बोट वरखाली करावं लागायचं.

लुईने यावर काम सुरू केलं. वर्गानंतर, रात्री, सुट्टीत गावी गेल्यावर, सतत कागद टोचत बसायचं. १८२४ मध्ये, वयाच्या १५ व्या वर्षी, त्याने मूळ मांडणी जमवली.

उत्तर फार साधं होतं. १२ चे ६ केले. तीन-तीनच्या दोन उभ्या ओळी. डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. हा पूर्ण चौकोन बोटाच्या टोकाखाली एका स्पर्शात मावतो. आणि कोणता ठिपका आहे, कोणता नाही, एवढ्यावर ६३ वेगवेगळ्या खुणा तयार होतात. त्यात अक्षरं, आकडे, विरामचिन्हं, इतकंच काय, संगीतही बसतं. १८२९ मध्ये त्याने ही पद्धत पुस्तकरूपाने मांडली आणि १८३७ मध्ये सुधारून पुन्हा छापली.

तोवर लुई त्याच शाळेत शिक्षक झाला होता. पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गनही वाजवायचा. पण आणखी एक गोष्ट त्याला खुपत होती. ठिपक्यांत लिहिलेलं पत्र डोळस आईवडिलांना कसं वाचता येणार? म्हणून १८३९ मध्ये त्याने नेहमीच्या अक्षरांचे आकार ठिपक्यांनी उमटवायची वेगळी पद्धत काढली. ती हळू होती, तेव्हा पिएर फुको या अंध मित्राने १८४१ मध्ये त्यासाठी यंत्र बनवलं. बाजारात टाईपरायटर यायला अजून तीस वर्षं होती.

एवढं सगळं असूनही शाळेने लुईची लिपी स्वीकारली नाही. १८४० मध्ये नवे संचालक आले. अंधांची लिपी डोळसांपेक्षा वेगळी असूच नये, असं मत तेव्हा जोरात होतं. वर्गात ब्रेलला मनाई झाली. मुलं मात्र ऐकेनात. ती लपूनछपून ब्रेलमध्येच लिहीत राहिली, कारण त्यांच्या बोटांना काय सोपं हे त्यांना माहीत होतं. शेवटी उपसंचालक ग्वादे यांना हे पटलं. १८४४ मध्ये शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला पाहुण्यांसमोर ब्रेलचं प्रात्यक्षिक झालं.

लुईला तोपर्यंत क्षयाने पोखरलं होतं. ६ जानेवारी १८५२ रोजी तो गेला. दोनच दिवसांपूर्वी त्याला ४३ वर्षं पूर्ण झाली होती. फ्रान्सने त्याची लिपी अधिकृत केली १८५४ मध्ये. ते बघायला तो नव्हता.

पुढे ब्रेल जगभर गेली. १८९२ मध्ये अमेरिकेत फ्रँक हॉल यांनी सहा कळांचं यंत्र बनवलं. एकेक ठिपका टोचायची गरज संपली, हव्या त्या कळा एकदम दाबायच्या की पूर्ण अक्षर उमटतं. भारतात वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे संच चालायचे, १९५१ मध्ये सगळ्या भाषांसाठी मिळून भारती ब्रेल ठरली. आपली मराठीही त्यातच लिहिली जाते.

आणि आता पुन्हा आपल्या फोनकडे.

२०१४ मध्ये आयफोनवर आणि २०२० मध्ये अँड्रॉइडच्या टॉकबॅकमध्ये ब्रेल कीबोर्ड आला. फोन आडवा धरायचा, स्क्रीन स्वतःकडे नाही तर समोरच्या बाजूला. दोन्ही हातांची तीन-तीन बोटं काचेवर. डावीकडे १, २, ३, उजवीकडे ४, ५, ६. अक्षरासाठी लागणारी बोटं एकदम टेकवायची. उजवीकडे सरकवलं की मोकळी जागा, डावीकडे सरकवलं की चुकलेलं पुसलं. बटण शोधायचंच नाही, कारण प्रत्येक बोटच एक बटण आहे.

गंमत म्हणजे काचेवर उठावाचा एकही ठिपका नाही. ज्या उंचवट्यासाठी ब्रेल ओळखली जाते तोच इथे गायब आहे. शिल्लक आहे ती फक्त लुईची सहा जागांची मांडणी, आणि तेवढी पुरते.

आता सुरुवातीचा 'कमल' भारती ब्रेलमध्ये बघा. क म्हणजे १ आणि ३. म म्हणजे १, ३ आणि ४. ल म्हणजे १, २ आणि ३. तीन वेळा बोटं टेकवली की शब्द तयार. टेबलावर डोळे मिटून करून बघा, दोन-तीन प्रयत्नांत बोटांना कळतं. या पद्धतीत पासवर्ड कुणाला ऐकवावा लागत नाही आणि भांडणाचा मेसेजही ज्याचा त्यालाच पोचतो.

१९५२ मध्ये, मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा, फ्रान्सने लुई ब्रेलचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये सन्मानाने नेले. पण त्याच्या गावाने दोन्ही हात ठेवून घेतले. ते आजही कूव्रेच्या दफनभूमीत एका कलशात आहेत.